म्हातारीचे संवाद

मी मालिकेचे संवाद लिहिते. गोष्ट माझी नसते, ती चॅनेलची. कोण कोणाच्या घरात शिरणार, कोण रडणार, कोणाचा साखरपुडा मोडणार, हे ठरवणारी माणसं वेगळी. ती मला आखलेले सीन पाठवतात आणि त्यातल्या माणसांच्या तोंडी शब्द घालायचे, एवढंच माझं काम. आठवड्याला सहा एपिसोड. रविवारी सुट्टी असं म्हणायची पद्धत आहे. रविवारी फोन जरा उशिरा सुरू होतात, बाकी काही फरक नाही.

लोकांना वाटतं, त्यात काय, सासू-सुनांची भांडणं तर लिहायची. बसा की मग एकदा लिहायला! दिवसभर सहा-सात माणसं डोक्यात बोलत असतात. प्रत्येकाने वेगळं बोलायला हवं, एकाचं दुसऱ्यासारखं वाटता कामा नये, आणि कालचं आज पुन्हा नको. अंगमेहनत काहीच नाही, त्यामुळे दमले म्हणायचीही सोय नाही. खुर्चीत बसून दमते म्हटलं की माणसं हसतात.

पण दमते. एकदा संध्याकाळी शांती नगरात भाजी घ्यायला उतरले होते आणि मला मेथीचं नाव आठवेना. भाजीवाला विचारतोय, ‘क्या दूँ दीदी?’ आणि मी आपली ढिम्म उभी. दिवसभर मालिकेतल्या सगळ्यांना बोलतं केलेलं, माझ्यासाठी एक शब्द शिल्लक नाही. शेवटी ‘वो दो’ म्हणून बोट दाखवलं. त्याने माठ दिला. घरी आईने पिशवी उघडली आणि म्हणाली, “मेथी सांगितली होती ना गं?” मी म्हटलं, “आज माठ खा.” तिने माठ निवडायला घेतला.

घरात आम्ही दोघीच. बाबा रिटायर झाले तेव्हा परळची चाळीतली खोली सोडून आम्ही इथे मीरा रोडला आलो, वन बीएचकेमध्ये. पुढे बाबा गेले. मी लग्न केलं नाही. त्याला कारणं आहेत, पण ती कंटाळवाणी आहेत. आई मूळची रत्नागिरीकडची. जन्म मुंबईत गेला तरी बोलणं तिकडचंच राहिलं, तिखट आणि नेमकं. कोणाला काय लागेल ते तिला बरोबर कळतं आणि तिथेच ती बोट ठेवते.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली होती. मी आतल्या खोलीत टेबलाशी, आई स्वयंपाकघरात. मालिकेतल्या म्हातारीचा, म्हणजे सासूचा, सीन आला आणि डोकं चालेनासं झालं की मी तिथूनच ओरडायचे, “आई! सुनेने न विचारता चार माणसं जेवायला बोलावलीत. सासू काय म्हणेल?”

ओट्याकडून लगेच उत्तर यायचं. “म्हणेल काय! ‘बोलवा हो, खुशाल बोलवा. आमचे हात काय, पोळ्या लाटायलाच दिलेत देवाने.’”

आणि मी ते जसंच्या तसं टाईप करायचे. मध्येच कढईचा आवाज, मध्येच आई. “आणि गं, ती असं बोलताना सुनेकडे बघायची नाही हां. पोळीकडेच बघेल.” मी तेही कंसात लिहायचे. म्हातारीचं काम करणाऱ्या बाई सेटवर सांगायच्या, ताईंचे संवाद तोंडात आपोआप बसतात. ताईंचे! ताई आत खुर्चीत मान धरून बसलेल्या.

आईला त्यात गंमत वाटायची. संध्याकाळी सातला मालिका लागली की समोरच्या दारातल्या गुजराती काकी यायच्या, सोबत खाकऱ्याचा डबा. इतकी वर्षं इथे राहून त्यांना मराठी सगळं समजतं, बोलायचं मात्र हिंदीत. म्हातारीने ठसक्यात काही म्हटलं की आई काकींच्या गुडघ्यावर चापटी मारायची. “ये मैंने बोला था! भेंडी काटते काटते बोला!” काकी म्हणायच्या, “अरे वाह बेन, आपको तो टीवी में जाना चाहिए.” यावर आई लाजून “चला, काहीतरीच” म्हणायची आणि पुढच्या सीनला पुन्हा कान टवकारायची.

माझी मान तेव्हा धरायला लागली होती. डोळ्यांत सारखं काहीतरी खुपायचं. डॉक्टरांनी सांगितलं, थोड्या थोड्या वेळाने उठा, बाहेर बघा, कामाची वेळ ठरवा आणि वेळ संपली की बंद करा. त्यांच्या खोलीत बसून ते किती सोपं वाटलं! मी मोबाईलवर गजर लावला. गजर वाजायचा, माझा हात जाऊन तो बंद करायचा आणि मला पत्ताच नसायचा. आईच बाहेरून म्हणायची, “वाजलं गं तुझं ते.”

“हो, झालंच.”

“डोकं आहे की गिरणी? पट्टा लावला की फिरतंय आपलं. खालची पिठाची गिरणीसुद्धा दुपारी बंद असते. शटर पाडून झोपतो तो मेला.”

“त्याला चॅनेल फोन करत नाही.”

“नशीबवान आहे,” असं म्हणून ती आपली पाठ टेकायला जायची. जेवण झालं की आई आडवी होणार म्हणजे होणार. घरात पाहुणा असो, गॅसवाला येणार असो, तिला फरक पडत नाही. चारला उठली की तोंडावर पाणी मारून आल्याचा चहा. तो चहा आम्ही एके काळी बाल्कनीत बसून प्यायचो. ती माहेरच्या गोष्टी सांगायची. भावाने विहिरीत पाडलेली कळशी, आत्याचं रुसणं, असलं काहीबाही. मी तेव्हा ऐकायचे. लिहून घ्यायला नाही, नुसती ऐकायचे.

मग मालिकेची बँक संपली. आमच्या धंद्यात हातात तयार असलेल्या एपिसोडना बँक म्हणतात. चार एपिसोड पुढे असले की माणसाला श्वास घेता येतो, एखाद्या दिवशी तापही येऊ देता येतो. मालिका चालली म्हणून ती लांबवायला चॅनेलने मध्येच गोष्ट बदलली, लिहिलेलं फेकून दिलं आणि आमच्या हातात काही उरलं नाही. आज लिहायचं, उद्या चित्रीकरण, परवा टीव्हीवर. कधी तर घोडबंदर रोडच्या सेटवर कलाकार मेकअप करून बसलेत आणि इथे माझ्या पानावर नुसतं ‘आई :’ एवढंच. जीव मेटाकुटीला यायचा.

चहा बाल्कनीतून टेबलावर आला. आई ठेवून जायची, तो गार व्हायचा, ती गरम करून आणायची, पुन्हा गार व्हायचा. काही सांगायला आली की मी डावा हात वर करायचे. एक मिनिट. ती दाराशी थोडा वेळ उभी राहायची, मग जायची. संध्याकाळी मला आठवलं की विचारायचे, “काय सांगत होतीस?” ती म्हणायची, “काही नाही गं, विसरले.” मला ते बरंच वाटायचं. एक काम कमी.

हळूहळू असं झालं की दिवसभरात आमच्या दोघींत जे काही बोलणं व्हायचं ते म्हातारीचंच. मी ओरडणार, ती उत्तर देणार. तेसुद्धा पूर्वीसारखं पटकन येईना. मला राग यायचा. मी म्हणायचे, “आई, झोपलीस का? काय म्हणेल ती, सांग ना लवकर!”

त्या दिवशी सकाळपासून सेटवरून फोन चालू होते. असिस्टंट बिचारा रडकुंडीला आलेला. “ताई, म्हातारीचा सीन पाठवा ना. लाइट लावून झालंय.” सीन असा होता की म्हातारी पहिल्यांदाच मुलाशी मनातलं बोलते. भांडण नाही, टोमणे नाही. मुलगा मोठा कामाचा, सदा लॅपटॉपवर. आखणीत एवढंच लिहिलेलं, ‘आई मन मोकळं करते. मुलगा हेलावतो.’ म्हणणाऱ्याचं काय जातं! मन मोकळं करते म्हणे. मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. सगळं ऐकलेलं वाटत होतं.

“आई!” मी ओरडले. “म्हातारी मुलाला एकदाच काय ते मनातलं सांगतेय. काय सांगेल?”

मी पुन्हा हाक मारणार तेवढ्यात आई स्वतःच दाराशी आली. हात पदराला पुसत होती. पदर हातातच धरून उभी राहिली.

“मला आता इथे करमत नाही,” आई म्हणाली.

“मस्त,” मी म्हणाले आणि टाईप केलं. “पुढे?”

“घरात बोलणं नाही असं नाही. बोलणं खूप आहे. पण ते माझ्याशी नसतं.”

“अरे वा! एकदम मस्त. हां, बोल बोल.”

“मला भावाकडे नेऊन सोड. रागावून नाही सांगत. दमलेय मी वाट बघून.”

माझी बोटं धावत होती. मालिकेतल्या म्हातारीला भाऊ नव्हता, म्हणून मी ‘भावाकडे’ खोडून ‘गावच्या घरी’ केलं. “अजून काही?” मी विचारलं.

“नाही. एवढंच.”

ती गेली. मी मुलाचे संवाद लिहिले. म्हातारीचं ऐकून तो लॅपटॉप मिटतो, उठून तिच्या पायाशी बसतो आणि म्हणतो, ‘बोल आई. मी ऐकतोय.’ सीन पाठवला. सेटवरून लगेच मोबाईलवर नमस्काराचे हात आले, लाल बदाम आले. मी खुर्चीतच डोकं मागे टाकून डोळे मिटले. आज सुटले, एवढंच मनात होतं.

सीन लागला त्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत होते. कोरडी चपाती खात उभी होते, टेबलाकडे परत जायच्या बेतात. सोफ्यावर आई आणि काकी. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंनी कमाल केली. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. पदर हातात धरून उभ्या राहिल्या, कारण तेही मी कंसात लिहिलं होतं.

‘मला आता इथे करमत नाही.’

काकींचा खाकरा हातातच राहिला. त्यांनी आईकडे वळून पाहिलं. “बेन, ये तो आप मेरेको बोली थी ना? लिफ्ट के पास, उस दिन?”

पडद्यावर म्हातारी सगळं बोलून गप्प झाली. मुलाने लॅपटॉप मिटला. उठला, तिच्या पायाशी बसला. ‘बोल आई. मी ऐकतोय.’

“त्याने बंद केला बघ,” आई म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि कुकरखालचा गॅस बंद करायला आत गेली.

मला आधी काय झालं असेल? राग आला. खरं तेच सांगते. काकी डबा उचलून “चलो, मैं आती हूँ” म्हणत निघून गेल्या आणि मी ओट्यापाशी जाऊन आईवर ओरडले. “मग नीट सांगायचं ना! हे असं असतं का सांगणं? शेजारच्यांना सांगतेस आणि मला नाही?”

“तुलाच सांगितलं की,” आई म्हणाली.

“मला काय माहीत तू मला सांगतेयस! माझ्याकडे बघून सांगायचंस.”

“तुझ्याकडे बघूनच सांगितलं. तू मस्त म्हणालीस.”

कपाळ माझं. सगळ्या जगाच्या तोंडी शब्द घालणारी बाई, ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. आईने कुकरचं झाकण काढलं, वरण घोटलं, फोडणी दिली. नेहमीसारखंच, घाई न करता. मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. मी रडायला लागले तेव्हा ती म्हणाली, “रडू नको. जेव आधी. पोटात काही नाही तुझ्या.”

जेवताना मी तिला म्हटलं, मी काम कमी करते, तू जाऊ नकोस. ती म्हणाली, “कमी कर. पण माझ्यासाठी नको करू. माझ्यासाठी केलंस तर उद्या मलाच बोलशील, तुझ्यापायी गेलं म्हणून. त्या मानेकडे बघ आणि कर.”

“आणि तू?”

“मी जाते गं. काही दिवस जाते. तिकडे वहिनी बोलून बोलून कान किटवेल, मग येईन.”

कधी येशील, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तिला सोडायला काशिमिऱ्याला गेलो. कोकणात जाणाऱ्या सकाळच्या गाड्या हायवेवर तिथे थांबतात. काकीही आल्या होत्या, वाटेत खायला थेपले घेऊन. रिक्षात आईने मला फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं, दुधाच्या भैयाला काय सांगायचं ते सांगितलं. गाडी आल्यावर चढताना फक्त म्हणाली, “चहा गार करत बसू नकोस. गरम आहे तोवर पी.” तेवढ्यात मागच्या माणसाने बॅग पुढे ढकलली आणि ती आत गेली.

मी दुसऱ्याच दिवशी चॅनेलला सांगितलं, मी निम्मेच एपिसोड लिहीन, बाकीचे दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. “ताई, तुमच्याशिवाय कसं होणार?” म्हणाले. मी म्हटलं, “होईल.” तर झालंही! दुसरी मुलगी लिहायला लागली, चांगली लिहिते. माझ्यावाचून काही अडलं नाही, हे कळल्यावर सुटल्यासारखंही वाटलं आणि जरा अपमानही वाटला.

आता मी जेवणाच्या वेळेपर्यंत लिहिते आणि लॅपटॉप मिटते. जेवून आडवी होते. झोप येत नाही. पंख्याकडे बघत पडून राहते आणि डोक्यात ती सगळी माणसं भांडत असतात. विश्रांतीचीसुद्धा सवय मोडते, ते मला माहीत नव्हतं. खाली गिरणीवाला शटर पाडतो त्याचा आवाज येतो. चारला उठून चहा करते, बाल्कनीत बसून पिते. सोबत बोलायला कोणी नसतं, म्हणून चहा गरम असतानाच संपतो. मालिकेतली म्हातारी हल्ली पूर्वीसारखी बोलत नाही. प्रेक्षकांच्या ते लक्षात आलेलं नाही. काकींच्या आलंय. त्या म्हणाल्या, “अब मज़ा नहीं आता.”

परवा चहा घेऊन बसले होते, तेव्हा आईला फोन लावला. मामाकडे रेंजची बोंब आहे, बऱ्याच वेळाने लागला. मागे कोंबड्या ओरडत होत्या, मामी कोणाला तरी झापत होती.

“हां, बोल,” आई घाईघाईने म्हणाली. “काय अडलंय? कोणाला काय बोलायचंय?”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. म्हातारीचा सीन अडला म्हणून मी फोन केलाय, असं तिला वाटलं होतं.

“सीन नाहीये आई. असाच केला. तुझ्याशी बोलायला.”

ती म्हणाली, “अगं बाई. बरं. मग बोल ना.”

मी तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. काय बोलतात? जेवलीस का, गोळ्या घेतेस का, हे सगळं मी हजारदा लिहिलंय, दुसऱ्यांच्या तोंडी घातलंय. मनात जे येत होतं ते सगळं कुठल्या ना कुठल्या सीनमधलं होतं. ‘ये ना परत’ हेसुद्धा. तेही मी लिहिलेलं आहे, सुनेला दिलं होतं. भाजीवाल्यासमोर उभी होते तशीच गत.

“आहेस ना?” आईने विचारलं.

“आहे.”

“दमलीस होय?”

“हो.”

“मग नको बोलू. मी इथे पडवीत तांदूळ निवडतेय. तू नुसता फोन कानाला लाव आणि बस. चहा आहे ना हातात?”

“आहे.”

“पी.”

मी बसले. सुपात तांदूळ सरकल्याचा आवाज येत होता. मध्येच तिने कोंबडीला हुश् केलं, मध्येच स्वतःशीच म्हणाली, किती खडे आहेत. मी काही लिहून घेत नव्हते. तेवढ्यात फोनमध्ये टूक टूक वाजायला लागलं. दुसरा फोन येत होता, सेटवरून.

“काय गं वाजतंय?” आईने विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “तू निवड.”